सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

त्या दिवशी सकाळी मी अठ्ठेचाळीस नंबरचा बिल्ला उलटा केला. करायचा होता सत्तेचाळीस. चष्मा खिशात होता.

खिशात का होता, हे विचारू नये. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि मला जवळचं चांगलं दिसतं, फक्त ते थोडं लांब धरावं लागतं. हॉटेलातलं मेन्यूकार्ड असो की औषधाची बाटली, माझे हात अजून पुरतात. बिल्ल्यांचा फळा मात्र भिंतीला ठोकलेला होता. तो लांब धरता येत नाही.

हा फळा डोंबिवली पूर्वेला, आमच्या मानपाड्याकडच्या बागेत, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आहे. कट्टा म्हणजे पत्र्याची एक शेड, चार बाक, वर्तमानपत्रांचं एक स्टँड आणि एक लोखंडी कपाट. कपाटात वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, पाठीला लावायची गरम पाण्याची पिशवी असं बरंच काही. ज्याला लागेल त्याने सही करून न्यायचं, काम झालं की पुसून परत आणायचं. महिन्यातून एकदा ब्लडप्रेशर आणि साखर तपासतात. रविवार सोडून रोज सकाळी साडेसहाला व्यायाम. ज्यांना हातपाय हलवायचे ते ओळीत उभे राहतात, बाकीचे बागेला फेऱ्या मारतात.

या सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तो फळा. प्लायवूडवर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा गोल बिल्ला. एक बाजू लाल, एक हिरवी, दोन्हीकडे नंबर. सकाळी आलात की आपला बिल्ला फिरवून हिरवी बाजू पुढे करायची. आठ वाजता फळा बघायचा. कोणी लाल राहिला आणि त्याने आधी कळवलेलं नसेल, तर दोघांनी त्याच्या घरी जायचं. सव्वाआठच्या आत. फोन नाही करायचा, जायचंच. फोनवर म्हातारी माणसं सर्रास खोटं बोलतात, असा कट्ट्याचा अनुभव आहे.

नंबर इतके चालतात की माणसं एकमेकांना हाकही नंबरानेच मारतात. माझे वडील सत्तेचाळीस.

बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं उभं राहून नकाशे काढले, घरून कारखान्यात आणि कारखान्यातून घरी चालत गेले. आई गेल्यावर आम्ही त्यांना डोंबिवलीला आणलं, आणि इथे आल्या दिवसापासून ते बसले. गॅलरीत हातांची एक खुर्ची आहे, तीत. सुरुवातीला जेवायला आत यायचे, मग ताट गॅलरीत जाऊ लागलं. आम्हाला वाटलं, दुःख आहे, बसू द्या. वर्षभर बसू दिलं.

मग एकदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, ‘आजोबा, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू. पाच वेळा.’

बाबा एकदाही उठले नाहीत. प्रयत्न केला, पुढे झुकले, मागे बसले आणि म्हणाले, ‘खुर्ची ठेंगणी आहे.’

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आजार काही नाही, पण मांड्यांमधली ताकद चालली आहे. असंच बसून राहिले तर वर्षभरात यांना उठवायला माणूस लागेल. मग तो माणूस कायमचा. मी मान हलवली. बाहेर येऊन कोणी बघत नाही असं पाहून मी पण एका खुर्चीतून पाच वेळा उठून बघितलं. पाचव्या वेळी तोंडातून आवाज आला. तिथल्या नर्सने विचारलं, ‘काका, तुमचा नंबर कितवा?’

त्यानंतर मी बाबांचं नाव कट्ट्यावर घातलं.

बारा दिवस ते कट्ट्यावर गेले. ओळीत नंबराप्रमाणे उभं करतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी अठ्ठेचाळीस नंबर, म्हणजे सगळ्यांच्या मावशी. मावशी इथल्या मूळ गावातल्या. पूर्वी जिथे त्यांचं भाताचं शेत होतं तिथे आता सात मजल्यांची बिल्डिंग आहे आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. मुलगा सून कोलशेतला. अंगावर नऊवारी, आणि आवाज असा की व्यायाम घेणाऱ्याने ‘एक’ म्हटलं की ‘दोन’ मावशींचा, अख्ख्या बागेला ऐकू जाणारा.

बाराव्या दिवशी बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, ‘मी उद्यापासून जाणार नाही.’

‘का?’

‘टाळ्या वाजवायला लावतात. या वयात कोणासाठी टाळ्या वाजवायच्या? आणि शेवटी सगळे हसतात. विनोद कोणीही सांगत नाही, आणि हसतात.’

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. सव्वाआठला बेल वाजली. मी टॉवेलवर होतो. दारात दोघं, सर आणि सिस्टर. सर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक, कट्ट्याचे सेक्रेटरी. सिस्टर सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या, राहायला मागच्या चाळीत. एकटे राहणाऱ्या सगळ्या सभासदांच्या घरच्या चाव्या त्यांच्या पर्समध्ये असतात, प्रत्येकीला चिकटपट्टीवर नंबर घालून.

‘सत्तेचाळीस कुठे आहेत?’ सर म्हणाले.

सत्तेचाळीस गॅलरीत पेपर वाचत होते. गुडघा दुखतोय म्हणाले. सिस्टरने गुडघा दाबून पाहिला, ब्लडप्रेशर घेतलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तू पण बस.’

‘मी? मला कामावर जायचंय.’

‘पट्टा बाहेर काढलाच आहे. बस.’

टॉवेलवर ब्लडप्रेशर घेऊन घेणं हा प्रसंग मी कोणावर ओढवू इच्छित नाही. सिस्टरने आकडा दोनदा बघितला. ‘वडलांचं छान आहे,’ म्हणाल्या. ‘तुझं वय काय?’

‘त्रेपन्न.’

‘मग अजून सात वर्षं आहेत सभासद व्हायला. तेवढी तब्येत टिकव म्हणजे झालं.’

सरांनी माझ्या पोटाकडे बघितलं. त्यांचा हिशोब मनातल्या मनात चालतो.

ते गेल्यावर बाबांनी पेपर खाली न घेता विचारलं, ‘हे रोज येणार?’

‘तुम्ही गेला नाहीत तर रोज.’

पेपरचं पान उलटलं. मग मागून आवाज आला, ‘तू दूध आणायला बागेवरूनच जातोस ना? जाताना तेवढा माझा बिल्ला फिरव.’

इथे एखाद्या शहाण्या मुलाने नाही म्हटलं असतं. मी विचार केला की बाबांनी वर्षभरात पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलंय. दुसरा विचार टॉवेलचा होता. खरं सांगायचं तर दुसरा आधी आला.

माझी बायको सकाळच्या शाळेत शिकवते, सव्वासहाला घराबाहेर. ती दुपारी आली की जेवताना विचारायची, ‘बाबा, आज काय झालं व्यायामात?’ बाबा भाजीकडे बघत सांगायचे, ‘आज मानेचे झाले.’ कधी ‘आज खांद्याचे.’ एकदा ‘आज नवीन होतं, पायाच्या बोटांचं,’ असंही सांगितलं. ती खूश. सुट्टीच्या दिवशी मी घरी जेवायला असलो की खाली मान घालून पोळी मोडायचो. आयुष्यात बाबांनी मला खोटं बोलल्याबद्दल दोनदा मारलंय, हे त्यावेळी सारखं आठवायचं.

कट्ट्यावर कोणाला संशय आला नाही. बिल्ला हिरवा म्हणजे माणूस बागेत, हा नियम. ओळीत दिसला नाही तर फेऱ्या मारत असेल. पावणेसातला एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हाताने सत्तेचाळीस, खटकन हिरवा. दोन अडीच आठवडे बिनबोभाट चाललं. गॅलरीतल्या खुर्चीवर बसल्या जागी माझे वडील रोज व्यायाम करत होते.

आणि मग तो दिवस. बागेतला दिवा गेलेला होता, ढग होते, समोरून एक ओळखीचा येत होता म्हणून मी घाईत होतो. खटकन हिरवा केला आणि सटकलो.

सव्वाआठला बेल वाजली.

या वेळी माझ्या अंगावर शर्ट होता, तेवढंच समाधान. सर आणि सिस्टर आत आले. सर म्हणाले, ‘सत्तेचाळीस, आज फळ्यावर तुम्ही एकटेच लाल.’

‘असं कसं होईल, मी तर—’ एवढं मी बोललो आणि थांबलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘मी तर चहा टाकणारच होतो,’ म्हणालो.

बाबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. ‘मी एकटाच?’

‘एकटेच. बाकी सगळे हिरवे. सभासदांची उपस्थिती आज उत्तम आहे.’

‘अठ्ठेचाळीस?’

‘हिरवा.’

‘मावशींचा आवाज ऐकलात?’

सरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने सरांकडे. ‘आता म्हणताय तर,’ सिस्टर म्हणाल्या, ‘नाही हो. आज सगळे आकडे व्यायामवाल्यालाच म्हणायला लागले. मला वाटलं, फेऱ्या मारत असतील.’

‘मावशी फेऱ्या मारत नाहीत,’ बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘तू चष्मा घातला होतास?’

मी खिशाला हात लावला. एवढं उत्तर त्यांना पुरलं.

बाबा खुर्चीतून उठले. हात न टेकता.

हे फक्त मी पाहिलं. बाकी कोणाला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं, एक माणूस खुर्चीतून उठला इतकंच. ते चपला अडकवून दाराबाहेर होते तेव्हा मी अजून खुर्चीकडे बघत होतो. ती डॉक्टरांकडच्या खुर्चीपेक्षाही ठेंगणी आहे.

मावशींची बिल्डिंग आमच्यापासून तिसरी. सिस्टर चालता चालताच पर्समधून चावी शोधत होत्या. सर मला विचारत होते की नक्की काय झालंय, आणि मी ‘सांगतो, सांगतो’ म्हणत होतो. बाबा पुढे. लिफ्ट पाचव्यावर अडकली होती, कोणीतरी दार उघडं ठेवून सामान चढवत असावं. बाबांनी वर एकदा बघितलं आणि कठडा धरून जिना चढायला सुरुवात केली. मी मागे. पहिल्या मजल्यावर मला धाप लागली. त्यांनाही लागली होती, पण ते थांबले नाहीत, म्हणून मला थांबता येईना.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. फ्रिजला पाठ टेकून, जमिनीवर, एक पाय सरळ आणि घोटा सुजून टम्म. पहाटे साडेपाचला मोरीतून बाहेर येताना पाय घसरला. फोन पलंगावर. सरपटत स्वयंपाकघरापर्यंत आल्या, पुढे जमेना. हाका मारून पाहिल्या, शेजारचे गावाला गेलेले.

आम्हाला बघून त्या रडल्या नाहीत की काही नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाल्या, ‘आज उशीर केलाव.’



‘मी बोल्ले, काय काल्जी करायची नाय. बिल्ला लाल हाय. सव्वाआठला सर येनार. सव्वाआठ झालं, कोन नाय. साडेआठ झालं, कोन नाय. मंग मना वाटला, आज काय रविवार हाय का?’

सिस्टर खाली बसून घोटा बघू लागल्या. सर भिंतीला टेकून उभे. ते जिन्याने चढून आले होते, पण चेहरा उतरला होता तो जिन्याने नव्हे. ‘पण मावशी,’ ते म्हणाले, ‘बिल्ला हिरवा होता. मी स्वतः पाहिला.’

मी त्याआधी आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी चुका कबूल केल्या आहेत, साहेबांपुढे, सासऱ्यांपुढे, एकदा ठाण्याच्या कोर्टात रिक्षाला धडक दिली म्हणून. जमिनीवर बसलेल्या एका बाईपुढे कबूल करणं सगळ्यात जड गेलं. ‘तो मी फिरवला,’ म्हणालो. ‘बाबांचा फिरवायचा होता. शेजारचा फिरला.’

‘सांगितलं मी होतं,’ बाबा म्हणाले. ‘चुकला तो.’

‘म्हणजे आधी काम चुकीचं,’ सर म्हणाले, ‘आणि ते पुन्हा चुकीचं केलं.’

‘मना ठावं होतं,’ मावशी म्हणाल्या. सगळे वळले. ‘भाऊ, तू येत नाय ते. तुजा पोरगा येतो, बिल्ला फिरवतो न् दूध घेऊन जातो. मी तिथं सगल्यांच्या आदी असते, मना दिसत नाय व्हय?’

‘मग सांगितलं का नाहीत?’ सर जवळजवळ ओरडलेच.

‘बोल्ले, बायको गेली मानसाची. झोपूदे.’ मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘पन एवरा मोटा आकरा दिसत नाय तुला?’

बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. माझ्या लक्षात आलं की उभं राहून वीस मिनिटं झाली आहेत आणि त्यांनी बसायला काही मागितलेलं नाही.

मावशींचा मुलगा कोलशेतहून येईपर्यंत सिस्टर आणि मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. घोट्याचं हाड थोडं मोडलं होतं. प्लॅस्टर. सिस्टर मला रिक्षात म्हणाल्या की पाय आहे म्हणून निभावलं, डोकं आपटलं असतं तर तो अर्धा तास फार मोठा होता. त्या हे रागावून म्हणाल्या नाहीत, इंजेक्शन देताना सांगतात तसं सांगितलं.

दुपारी बायको आली तेव्हा मी रजा टाकून घरी होतो, हेच तिला विचित्र वाटलं. ताटं वाढली. तिने सवयीने विचारलं, ‘बाबा, आज काय झालं व्यायामात?’

‘आज जिना झाला,’ बाबा म्हणाले. मग चमचा खाली ठेवला. ‘बाकी मानेचे, खांद्याचे, काही झालेले नाहीत. कधीच.’

तिने सगळं ऐकून घेतलं. बाबांना एक शब्द बोलली नाही. मला वाढलेली भाजी तेवढी परत पातेल्यात गेली, असं मला आठवतं, पण तिचं म्हणणं तसं काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बाबा अंघोळ करून दारात. आमच्या दाराआड कट्ट्यावरून आणलेला एक वॉकर होता, सिस्टरने बाबांसाठीच दिलेला. त्याच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले होते. बाबांनी तो पुसला, घडी केला आणि उचलला.

‘मावशींना लागेल,’ म्हणाले.

‘मी घेतो की.’

‘तू दूध आण.’

आणि वॉकर घेऊन गेले. हातात धरून, टेकून नाही.

कट्ट्यावर माझ्या बाबतीत निर्णय झाला. माझं वय बसत नसल्यामुळे मला सभासदत्वावरून काढता येईना. म्हणून सरांनी ठरवलं की एक महिना मी रोज आठ वाजता, चष्मा घालून, फळ्यासमोर उभं राहायचं आणि लाल नंबर मोठ्याने वाचायचे. आठपर्यंत आहेच तर व्यायामही करायचा. एका पायावर उभं राहताना मी सिस्टरच्या खांद्याला धरलं, त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. शेवटी हसायची पाळी आली तेव्हा कोणी विनोद सांगायची गरज नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते.

बाबा अजूनही टाळ्या वाजवत नाहीत. टाळ्यांच्या वेळी ते हात मागे बांधून उभे राहतात. पण फळ्याच्या वर त्यांनी एक पाटी करून लावली आहे, ड्राफ्ट्समनच्या ठाशीव अक्षरात, एकेक अक्षर मापून: ‘आपला बिल्ला आपणच फिरवावा.’ आणि सव्वाआठच्या फेरीला आता सरांबरोबर तेच जातात. सिस्टर म्हणतात, माणूस जरा कडक आहे, लोकांच्या घरी जाऊन चहाला नाही म्हणतो. परवा कोणाच्या तरी मुलाने ‘बाबा झोपलेत, नंतर या’ असं दारातूनच सांगितलं, तर बाबा म्हणाले, ‘मुलांवर आमचा विश्वास नाही. त्यांना बाहेर आणा.’

मावशींचं प्लॅस्टर निघालं. मुलगा कोलशेतला चल म्हणत होता, त्या गेल्या नाहीत. तिथं फळा नाय, म्हणाल्या. वॉकर घेऊन येतात, आणि ‘दोन’ पुन्हा त्यांचा.

परवा बाबांना डॉक्टरांकडे नेलं. बायको पण होती. डॉक्टरांनी तीच खुर्ची पुढे केली. बाबा उठले, बसले, उठले. चार झाले. पाचव्याला हात टेकला असं डॉक्टर म्हणाले, बाबा म्हणाले शर्ट नीट करत होतो. त्यावर थोडी वादावादी झाली. शेवटी डॉक्टरांनी चार लिहिले आणि मला विचारलं, काय केलंत तुम्ही? मी घसा साफ केला, पण बायको आधीच उठली होती.

बाहेर बाबा पुढे चालत होते, आम्ही दोघं मागे. मी औषधांची चिठ्ठी हात लांब करून वाचत म्हणालो, ‘तसं बघितलं तर हे सगळं माझ्यामुळेच झालं.’

ती चालता चालता थांबलीसुद्धा नाही.

‘पाय मोडला मावशींचा, चालायला लागले बाबा, आणि श्रेय घेतोस तू,’ ती म्हणाली. ‘चष्मा कुठाय?’